क १८ आणि ३√२
√१८ ऐवजी ३√२ लिहिणे म्हणजे करणीला सरळ रूप देणे, असे शाळेत शिकवले जाते. जुन्या भारतीय बीजगणिताची चाल उलटी होती. तिथे बाहेरची संख्याही वर्ग करून मुळाच्या आत नेली जाई.

शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन सूत्रग्रंथांत, करणीचा विषय वेदीच्या मापापुरता होता. चौरसाचे क्षेत्रफळ दुप्पट करायचे तर त्याचा कर्ण हीच नवी बाजू, म्हणजे द्विकरणी. बौधायनाच्या नियमाने तिची किंमत ५७७/४०८ येते, आणि ती दशांशाच्या पाचव्या स्थळापर्यंत बरोबर आहे.

किंमत न काढता करणींवर थेट क्रिया करण्याचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिले. √२ आणि √८ यांची बेरीज करायची तर दोन्हींना २ ने भागावे. १ आणि ४ येतात. त्यांच्या मुळांची बेरीज ३, तिचा वर्ग ९, त्याला पुन्हा २ ने गुणले की १८. उत्तर √१८.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी बीजगणित या ग्रंथात करणींच्या सहा क्रियांचे स्वतंत्र प्रकरणच केले: बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. करणी दाखवायला संख्येआधी ‘क’ हे अक्षर येई. क २ आणि क ८ यांची बेरीज ते वेगळ्या वाटेने करतात. दोन्ही संख्यांची बेरीज १० ही ‘महती’. गुणाकार १६, त्याच्या मुळाची दुप्पट ८ ही ‘लघु’. दोन्ही मिळवल्या की क १८, वजा केल्या की क २. क ३ आणि क ७ यांच्या गुणाकाराला पूर्ण मूळच नाही, म्हणून त्या वेगळ्याच ठेवायच्या. आजच्या भाषेत त्या विजातीय करणी. सगळ्यात देखणे प्रकरण वर्गमुळाचे: १० + √२४ + √४० + √६० यांतून √२ + √३ + √५ बाहेर काढायचे. शाळेच्या पुस्तकांत असे उदाहरण क्वचितच दिसते.



√ हे चिन्ह १५२५ मध्ये क्रिस्टोफ रुडोल्फच्या पुस्तकात छापले गेले. मुळाबाहेर सहगुणक ठेवण्याची युरोपीय रीत पुढे भारतीय शाळांतही रुळली.

छेदाचे परिमेयीकरण मात्र जुनेच आहे. छेद √१८ + √३ असेल तर एका पदाचे चिन्ह बदलून √१८ − √३ ने अंश-छेद दोन्ही गुणावेत, म्हणजे छेदात १५ उरतात; हा नियम ब्रह्मगुप्ताचाच. हाताने आकडेमोड करणाऱ्याला त्याचा उपयोग रोकडा होता, कारण १/√२ काढताना १ ला १.४१४२ ने भागण्यापेक्षा १.४१४२ ला २ ने भागणे केव्हाही सोपे.