कुणब्याचे नाटक

इ. स. 1927 मध्ये वऱ्हाडातील चिखली या गावाहून एक चरित्रग्रंथ प्रसिद्ध झाला. चरित्रनायक जोतीराव गोविंदराव फुले. ग्रंथकर्ते पंढरीनाथ सीताराम पाटील. जोतीरावांच्या जन्माला त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण होत होती, आणि त्यांच्या निधनाला सदतीस वर्षे लोटली होती. जोतीरावांच्या आरंभीच्या मराठी चरित्रांत या ग्रंथाची गणना होते. कापसाच्या मुलखातील, खामगाव-जालना रस्त्यावरच्या एका गावाला पुण्याच्या या पुरुषाचे चरित्र आपलेसे वाटले, ही गोष्ट सहज घडलेली नव्हे.

तथापि चिखलीहून हे चरित्र निघाले तेव्हा चरित्रनायकाची एक कृती अद्याप अमुद्रितच होती. ती कृती म्हणजे ‘तृतीय रत्न’ हे नाटक होय. जोतीरावांनी ते 1855 साली लिहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि पुण्यात मुलींची शाळा काढून त्यांना सातच वर्षे झाली होती. मराठी रंगभूमी तर त्याहूनही लहान. विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले ते 1843 साली. तेव्हापासून रंगमंचावर वावरत होते ते देव, दानव आणि पुराणातील राजे. ‘थोरले माधवराव पेशवे’ हे विनायक जनार्दन कीर्तने यांचे नाटक 1861 मधले, आणि त्याचाही नायक पेशव्यांच्या गादीवरचा. अशा काळात या तरुण लेखकाने आपल्या नाटकाचा नायक म्हणून निवडला तो एक निरक्षर कुणबी, आणि नायिका म्हणून त्याची गरोदर बायको.

कथानक साधे आहे. कुणबी घरी नाही अशा वेळी एक जोशी भिक्षेच्या निमित्ताने दाराशी येतो. पोटातल्या मुलाला ग्रहांची पीडा आहे, असे भय तो त्या बाईच्या मनात घालतो. पुढे त्या शांतीसाठी अनुष्ठान आले, ब्राह्मणभोजन आले आणि त्यापायी कर्जही आले. जोश्याचे बोलणे खरे की खोटे, हे पडताळून पाहण्याचे साधन त्या जोडप्यापाशी नाही. कारण पंचांग वाचता येते ते एकट्या जोश्याला. मधूनमधून विदूषक येऊन प्रेक्षकांना प्रत्येक डावाचे मर्म उघड करून दाखवतो. शेवटी एका पाद्र्याशी त्यांची गाठ पडते, आणि विद्येवाचून आपली ही गत झाली हे त्यांना उमगते. येथे लेखकाने एक महत्त्वाची गोष्ट केली आहे. पाद्र्याशी संवाद होऊनही हे जोडपे गिरिजाघराकडे वळत नाही. ते निघते जोतीरावांच्या रात्रीच्या शाळेकडे, आणि तेही नवरा-बायको दोघे. दोन डोळ्यांच्या पलीकडचे तिसरे रत्न म्हणजे विद्या, आणि ते त्यांचे त्यांनाच मिळवावयाचे आहे.

जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. पेशवाईत पंडितांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेपैकी काही भाग इंग्रजी अमलात मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळवण्यात आला होता, आणि कोणता ग्रंथ योग्य, हे ठरवणे या मंडळीकडे होते. नाटक नामंजूर झाले. कमिटीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, अशी तक्रार जोतीरावांनी पुढे 1873 साली ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवली. अशा रीतीने, ज्यांना वाचू दिले गेले नाही अशा माणसांचे नाटक स्वतःही वाचले जाण्यास मुकले.

नाटक कागदातच राहिले, परंतु त्याचा आशय अडून राहिला नाही. 1873 सालीच पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुढे त्याच्या विचारांचे जलसे तमाशाच्या ढंगाने गावोगाव होऊ लागले; भटजी आणि सावकार यांच्या तावडीत सापडलेल्या शेतकऱ्याची कथा तेथे ढोलकीच्या तालावर रंगू लागली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषांना रोखठोक सवाल केला, तेव्हा तिची पाठराखण जोतीरावांनी ‘सत्सार’मध्ये केली. या जिल्ह्याचा आणि जोतीरावांचा ऋणानुबंध असा पंचेचाळीस वर्षे आधीच जुळलेला होता. चिखलीचे चरित्र हे त्याच धाग्याचे पुढचे टोक.

खुद्द ‘तृतीय रत्न’ मात्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1969 मध्ये काढलेल्या समग्र वाङ्मयातही येऊ शकले नाही. ते छापून निघाले 1979 साली, म्हणजे लिहिल्यापासून एकशे चोवीस वर्षांनी.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी दूर जपानात याच जातीची एक कथा घरोघर पोहोचली. एनएचके या प्रसारण संस्थेने 1983 च्या एप्रिलपासून सुगाको हाशिदा यांनी लिहिलेली ‘ओशिन’ ही मालिका 297 भागांत दाखवली. यामागाता प्रांतातील एका कुळाच्या घरची ही मुलगी. सातव्या वर्षी तांदळाच्या एका पोत्याच्या मोबदल्यात चाकरीला धाडलेली. डोंगरात लपून राहिलेला एक पळपुटा शिपाई तिला लिहावाचावयास शिकवतो, आणि पुढील साऱ्या हालअपेष्टांत ते शिक्षण तिच्या कामी येते. जपानी समाजाने आपल्या खेड्यातील ही पोर रोज सकाळी कौतुकाने पाहिली, आणि पुढे अनेक देशांनीही पाहिली.

महाराष्ट्रात तशीच गोष्ट 1855 सालीच लिहून तयार होती. त्या वेळी तिला प्रयोग लाभला असता, तर मराठी रंगभूमीवर राजेरजवाड्यांच्या बरोबरीने कुणब्याचे अंगणही आले असते, आणि आपल्या घरची फसवणूक समोर उभी राहिलेली पाहून कित्येक प्रेक्षक वेळीच सावध झाले असते. ती संधी हुकली खरी. परंतु जे जोडपे नाटकाच्या शेवटी रात्रीच्या शाळेकडे निघाले, त्याची वाट कोणत्याही कमिटीला अडवता आली नाही. कारण बहात्तर वर्षांनी चिखलीत जोतीरावांचे चरित्र लिहिले गेले, तेव्हा ते वाचणारी पिढी वऱ्हाडात तयार झाली होती.