लेलँड मोटर्स : एका ब्रिटिश मालमोटार उद्योगाच्या उदयास्ताचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विसाव्या शतकातील ब्रिटनच्या औद्योगिक इतिहासात लेलँड मोटर्स या कंपनीस महत्त्वाचे स्थान आहे. सुस्थितीतील उद्योग केवळ बाजारातील स्पर्धेमुळे लयास जातो की त्याच्यावर लादलेल्या विलीनीकरणामुळे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उदय व विस्तार :
लँकेशायर परगण्यातील लेलँड या गावी सम्नर घराण्याचा लोहारकामाचा व्यवसाय होता. जेम्स सम्नर यांनी स्पुरियर घराण्याच्या भांडवलाच्या साहाय्याने इ.स. १८९६ मध्ये लँकेशायर स्टीम मोटर कंपनी स्थापन केली. दीड टन माल वाहून नेणारी वाफेवरील गाडी हे तिचे पहिले उत्पादन होय. १९०४ मध्ये कंपनीने पेट्रोलवर चालणारे वाहन तयार केले आणि १९०७ मध्ये 'लेलँड मोटर्स' हे नाव धारण केले.

पहिल्या महायुद्धात कंपनीने ब्रिटिश सैन्यदलांस सुमारे ६,००० वाहने पुरविली. युद्धानंतर ही जुनी वाहने स्वस्तात विकली जाऊन नावलौकिक डागाळू नये, म्हणून कंपनीने ती मोठ्या संख्येने परत विकत घेतली व दुरुस्त करून विकली. या धोरणाचा आर्थिक भार जड होता. परंतु दर्जाविषयीची निष्ठा त्यातून स्पष्ट होते. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बियन (१९५१), स्कॅमेल (१९५५) व ए.ई.सी. (१९६२) या कंपन्या तिने ताब्यात घेतल्या.

विलीनीकरण व ऱ्हास :
१९६१ मध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ ही मोटारकार कंपनी घेऊन लेलँडने अपरिचित क्षेत्रात पाऊल टाकले. १९६८ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारच्या प्रोत्साहनाने ब्रिटिश मोटर होल्डिंग्जशी तिचे विलीनीकरण होऊन ब्रिटिश लेलँड ही प्रचंड संस्था अस्तित्वात आली. डोनाल्ड स्टोक्स तिचे प्रमुख होते. कार विभागातील तोटा व कामगार संघर्ष यांतच व्यवस्थापनाची शक्ती व भांडवल खर्ची पडले आणि मालमोटार विभागाच्या आधुनिकीकरणाकडे दुर्लक्ष झाले. त्याच सुमारास बाजारात आणलेले ५०० श्रेणीचे इंजिन सदोष ठरले. दुसरीकडे व्होल्व्हो व स्कॅनिया या स्वीडिश कंपन्यांनी ब्रिटिश बाजारपेठेत प्रवेश केला होता.

१९७५ मध्ये रायडर अहवालानंतर शासनाने ब्रिटिश लेलँडचे राष्ट्रीयीकरण केले. १९८० मध्ये आलेल्या 'रोडट्रेन' या मालमोटारीस १९८१ चा 'ट्रक ऑफ द इयर' पुरस्कार लाभला. परंतु मंदीच्या काळात हे यश अपुरे ठरले. साउथहॉल येथील ए.ई.सी.चा कारखाना १९७९ मध्ये, तर स्कॉटलंडमधील बाथगेटचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. ज्या गावांचे जीवन कारखान्याच्या भोंग्याशी बांधलेले होते, त्यांना या निर्णयांची झळ सर्वाधिक बसली. १९८७ मध्ये मालमोटार विभाग डच 'डाफ' कंपनीत विलीन झाला. १९९३ मध्ये डाफ दिवाळखोरीत गेल्यावर लेलँडचा कारखाना त्याच्याच व्यवस्थापकांनी विकत घेऊन वाचविला. १९९८ पासून तो अमेरिकन 'पॅकार' समूहाकडे असून तेथे डाफ नावाच्या मालमोटारी तयार होतात.

भारतीय संदर्भ :
रघुनंदन सरन यांनी १९४८ मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या अशोक मोटर्सने १९५० मध्ये लेलँडशी करार केला. १९५५ मध्ये 'अशोक लेलँड' हे नाव रूढ झाले. १९८७ मध्ये लेलँडचा हिस्सा हिंदुजा समूह व इव्हेको यांनी घेतला. महाराष्ट्रात भंडारा येथेही या कंपनीचा कारखाना आहे.

निष्कर्ष :
लेलँडच्या ऱ्हासास परकीय स्पर्धा व सदोष इंजिन कारणीभूत होतेच. तथापि दर्जावर उभ्या राहिलेल्या उद्योगावर दुसऱ्याच्या तोट्याचा भार टाकल्याने त्या आघातांना तोंड देण्याची त्याची क्षमता क्षीण झाली. केवळ आकारमान वाढविल्याने उद्योग बलवान होत नाही, हा या इतिहासाचा बोध होय. ब्रिटनमधील नव्या मालमोटारींवरून लेलँड हे नाव पुसले गेले. भारतातील रस्त्यांवर मात्र ते टिकून आहे.