सांजावची रात्र: पोर्तोतली आणि आमच्या घरातली

इंदूर-बडोद्याकडच्या मराठी घरांच्या आठवणी वाचताना वाटलं, आपणही एक सांगावी. आम्ही फोंड्याचे. आठवण मात्र पोर्तुगालातली आहे.

२०१५ साली मी पोर्तो शहरात वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिलो. एका जुन्या वस्तीतल्या मुलांच्या केंद्रात काम होतं. अभ्यास घेणे, खेळ घेणे, पडेल ते करणे. जून उजाडला तशी केंद्रातली तरुण पोरं म्हणू लागली, "२३ च्या रात्री झोपायचं नाही. सांजाव आहे!"

सांजाव मला नवा नव्हता. २४ जून हा संत जॉन बाप्तिस्ताचा दिवस. मारिया भेटायला आली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, अशी बायबलातली कथा. म्हणून आमच्याकडे बारदेशात पोरं डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून भर पावसात विहिरीत उड्या मारतात. नव्या जावयाचा मान असतो. शिवोलीला होड्या सजवून निघतात.

पण आमच्या घरात त्या आठवड्याला दुसरीच तारीख मोठी. १८ जून. १९४६ साली त्या दिवशी डॉ. लोहियांनी मडगावात सभा घेतली आणि लढ्याला तोंड फुटलं. माझा आजो पुढे १९५५ च्या सत्याग्रहाच्या दिवसांत पकडला गेला आणि आग्वादच्या तुरुंगात राहिला. त्याआधीची गोष्ट तर प्रत्येक पिढीला सांगितलेली: सोळाव्या शतकात देवळं मोडली तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून नदीपार अंत्रुजात आणली. तेव्हा अंत्रुज आदिलशाहीत होतं, म्हणून देव वाचले. मी पोर्तुगालला निघालो तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "जा बाबा. पण विसरू नको."

तर २३ जूनची रात्र. गल्लीगल्लीत चुलींवर तार्ली भाजताहेत, सगळीकडे धूर. लोक प्लास्टिकच्या हातोड्यांनी एकमेकांच्या डोक्यात टकटक मारतात, ओळख असो नसो. पूर्वी फुलोऱ्याचा लांब लसणीचा दांडा नाकातोंडावर फिरवायचे. म्हाताऱ्यांच्या हातात तो अजून दिसतो. आकाशात कागदी दिवे आणि मध्यरात्री दोरू नदीवर आतषबाजी. १९१० ला राजेशाही गेली, नव्या प्रजासत्ताकाने धार्मिक सुट्ट्या छाटल्या. शहराला एक सुट्टी निवडायची होती, तेव्हा पोर्तोकरांनी कौल देऊन हीच ठेवली.

घरोघरी एक छोटी कुंडी असते, मांजेरिकूची. नाव ऐकून मला मंजिरीच आठवली. रोप तुळशीच्याच कुळातलं. त्याला नाक लावून वास घ्यायचा नाही, तळहात फिरवायचा आणि हात हुंगायचा. मी हात हुंगला आणि आमचं अंगण समोर उभं राहिलं.

पहाटेच्या सुमारास आम्ही नदीकाठी बसलो होतो. बरोबरच्या एका मुलीने विचारलं, "तू गोव्याचा ना? माझे आजोबा तिथे सैनिक होते." मी गप्पच झालो. ती सांगू लागली. डिसेंबर १९६१ मध्ये ते भारतीय सैन्याच्या हाती लागले, काही महिने छावणीत कैदी होते. सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम दिला होता; गव्हर्नरने शरणागती पत्करली म्हणून हे जगले. १९६२ च्या मे महिन्यात बोटीने लिस्बनला परतले, तर स्वागताला बंदूकधारी लष्करी पोलीस. घरी पळपुटे ठरले. १९७४ च्या क्रांतीपर्यंत त्यांनी गोव्याचं नाव काढलं नाही, नंतरही फार नाही.

मी तिला माझ्या आजोबद्दल सांगितलं. देवळांचंही सांगितलं. ती म्हणाली, "हे आम्हाला शाळेत कोणी शिकवलं नाही." माफी वगैरे काही मागितली नाही, मीही मागितली नसती. थोड्या वेळाने तिने माझ्या डोक्यात हळूच हातोडी मारली. मीही मारली.

खरं सांगतो, मनात धाकधूक होती. आपण इथे नाचतोय, हे घरी कळलं तर? दुसऱ्या दिवशी बाबांना फोन करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आजो असता तर त्याने पहिलं विचारलं असतं, त्या पोरांना छावणीत जेवायला काय देत होते?"

तुरुंग भोगलेला माणूस हाच प्रश्न विचारणार. मला तो सुचला नव्हता.

मी तो त्या मुलीला कळवला. तिने आपल्या आजीला विचारलं. उत्तर आलं: भात. रोज भात. आणि परतल्यावर आजोबा घरी कधीकधी स्वतःच भात मागायचे.

आजी म्हणाली होती विसरू नको. मी विसरलो नाही, आता त्या यादीत आणखी एक कैदी आला एवढंच. तुमच्या घरातही कोणी आजो, काका असे न बोलता गेले असतील. ज्यांना माहीत आहे ते अजून आहेत, तोवर विचारून घ्या.