कानाने पारखलेले सव्वीस शब्द

बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. इंग्रजीतली ही आठ अक्षरं समोरासमोर बसून उच्चारली तरी कान टवकारावे लागतात, कारण प्रत्येकाच्या शेवटी तोच लांबलेला ‘ई’ असतो. मध्ये जुनी टेलिफोन लाइन आली की पंचाईत आणखी वाढते. ही लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधलाच आवाज पुढे नेते. ‘एफ’ आणि ‘एस’ वेगळे ओळखू येतात ते ज्या बारीक सळसळीमुळे, ती बरीचशी या मर्यादेच्या वर असते, म्हणजे वाटेतच गळते.

यावर तोडगा एकच होता: एका अक्षरासाठी अख्खा शब्द बोलायचा. अंकलिपीतला ‘ग गणपतीचा’ डोळ्यांसाठी असतो, ही वर्णमाला कानांसाठी.

ब्रिटिश सैन्यातल्या सिग्नलरांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच सुरुवात केली होती, तीही गरजेपुरती. जिथे घोटाळा होई तेवढ्याच अक्षरांना त्यांनी शब्द दिले. ‘ए’ला ‘अ‍ॅक’, ‘बी’ला ‘बिअर’, ‘एम’ला ‘एमा’, ‘पी’ला ‘पिप’, ‘टी’ला ‘टॉक’. खंदकांमधल्या फोनवरून हे शब्द सैनिकांच्या रोजच्या बोलण्यात उतरले. दुपारचे चार म्हणजे ‘फोर पिप एमा’, विमानविरोधी तोफा म्हणजे ‘अ‍ॅक-अ‍ॅक’. बेल्जियममधल्या पॉपरिंगे गावात १९१५ साली सैनिकांच्या विसाव्यासाठी उघडलेलं ‘टॅलबट हाउस’ सगळ्यांच्या तोंडी ‘टॉक एच’ झालं.

पण हे सगळं एका भाषेपुरतं होतं. समुद्रावरच्या आणि आकाशातल्या रेडिओला देशांच्या सीमा नव्हत्या. म्हणून १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेनंतर आंतरराष्ट्रीय यादी आली आणि १९३२ मध्ये ती सुधारली गेली. तिच्यात अ‍ॅमस्टरडॅम, बाल्टिमोर, कॅसाब्लांका अशी बहुतेक गावांची नावं होती.

याच दशकात जर्मनीत अशाच एका यादीचा कानाशी असलेला संबंध तुटला. तिथल्या टेलिफोन खात्याची यादी माणसांच्या नावांची होती आणि तिच्यात डाविड, नाथान, सामुएल, झाकारियास ही बायबलमधली नावं होती. १९३३ च्या मार्चमध्ये रोस्टॉकच्या एका नागरिकाने पोस्टाला लिहून ही ज्यू नावं काढायची मागणी केली. पुढच्याच वर्षी डाविडच्या जागी डोरा, सामुएलच्या जागी झीगफ्रीड, झाकारियासच्या जागी त्सेपेलिन आणि नाथानच्या जागी नोर्डपोल, म्हणजे उत्तर ध्रुव, आला. यातलं एकही नाव ऐकू येत नाही म्हणून काढलेलं नव्हतं. युद्धानंतर सामुएल आणि झाकारियास अधिकृत यादीत परतले, नाथान मात्र परतला नाही. २०२२ साली जर्मन मानक संस्थेने कार्यालयीन वापरासाठी आखन, बर्लिन, केम्निट्स अशी शहरांची नवी यादी जाहीर केली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने १९४१ साली ‘एबल, बेकर, चार्ली, डॉग’ ही माला स्वीकारली आणि पुढे ब्रिटिश हवाई दलानेही ती घेतली. नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्याचे विभाग डॉग, ईझी आणि फॉक्स या नावांनीच ओळखले गेले. संदेश पोचला हे सांगणारा ‘रॉजर’ही याच मालेतला ‘आर’.

युद्ध संपलं, प्रवासी विमानं वाढली आणि मालेची अडचण दिसू लागली. ‘एबल’, ‘बेकर’मधले स्वर खास इंग्रजी वळणाचे होते. लॅटिन अमेरिकेत तर ‘आना, ब्राझील’ अशी वेगळी माला वापरात होती. तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, मॉन्ट्रिऑल विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ जाँ-पॉल विने यांच्याकडे काम सोपवलं. शब्द इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश या तिन्ही भाषांत जिवंत हवा, कुठल्याही देशाच्या वैमानिकाला उच्चारता यावा, खरखरीतून ओळखू यावा आणि त्याला वाईट अर्थाचा वास नसावा, अशा त्यांच्या अटी होत्या. १ नोव्हेंबर १९५१ पासून नवी माला लागू झाली.

लगेच तक्रारी सुरू झाल्या. ‘एन’चा ‘नेक्टर’ आणि ‘व्ही’चा ‘व्हिक्टर’ एकमेकांत मिसळत. ‘डी’चा ‘डेल्टा’ आणि ‘एक्स’चा ‘एक्स्ट्रा’ यांचंही तेच. काही जण सरळ जुन्या मालेकडे परतले. मग मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेने ३१ देशांच्या लोकांना बोलतं करून चाचण्या घेतल्या. त्यात एक महत्त्वाची गोष्ट कळली. सुटा ऐकला तर ‘फुटबॉल’ हा शब्द ‘फॉक्सट्रॉट’पेक्षा चांगला कळत होता, पण लांबलचक संदेशात ‘फॉक्सट्रॉट’ सरस ठरत होता. म्हणून एकेक शब्द वेगळा काढून निवडणं पुरेसं नव्हतं, बाकीच्या पंचवीस शब्दांच्या गर्दीतही तो उठून दिसायला हवा होता.

शेवटी सी, एम, एन, यू आणि एक्स ही पाचच अक्षरं बदलली. ‘कोका, मेट्रो, नेक्टर, युनियन, एक्स्ट्रा’ गेले. ‘चार्ली, माइक, नोव्हेंबर, युनिफॉर्म, एक्सरे’ आले. १ मार्च १९५६ पासून लागू झालेली ती माला आजही तशीच आहे. ‘ज्युलिएट’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन ‘टी’ आहेत, कारण एकच असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. ‘अल्फा’ ‘एफ’ने लिहिला जातो, कारण ‘पीएच’चा उच्चार ‘फ’ होतो हे प्रत्येक भाषेच्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. आकड्यांवरही हीच मेहनत झाली: ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ गोंधळू नयेत म्हणून वैमानिक ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’ म्हणतात.

भारतीय विमानांची नोंदणी ‘व्हीटी’ने सुरू होते, म्हणून रेडिओवर ती अक्षरं ‘व्हिक्टर टँगो’ होतात. हौशी रेडिओचालकांची हाक ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ने सुरू होते, राजीव गांधींची हाक होती ‘व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ गोल्फ’. बारामती आणि गोंदियाच्या विमानतळांवर शिकाऊ वैमानिक उड्डाणाचे धडे घेतात. घरात मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्या या मुलामुलींनाही रेडिओवर बोलताना हेच सव्वीस शब्द न अडखळता यावे लागतात.