डेरा आणि खोगीर

छत्रपति संभाजीनगराच्या पश्चिमेस, खाम नदीच्या पलीकडे, ‘छावणी’ या नांवाची वस्ती आहे. इंग्रजी अमदानींत तें नांव तेथें रूढ झालें. शब्द मात्र त्याहून पुष्कळ जुना. चालत्या लष्करानें रात्रीपुरता मुक्काम केला म्हणजे तो तळ. पावसाळ्याचे महिने छप्परें घालून तें एका जागीं बसलें म्हणजे ती छावणी. या शहराचा इतिहास दोन्ही शब्दांनीं भरलेला आहे. १६१० सालीं मलिक अंबरानें येथें खडकी वसविली आणि मोंगलांच्या जड फौजेस हलक्या घोडदळानें बेजार करण्याची रीत याच मुलखांत चालविली. पुढें औरंगजेबानें शहरास आपलें नांव दिलें, आणि २०२३ सालीं तें पालटून सध्याचें नांव आलें.

उघड्या माळावर राहावयाचें तर मोंगलांचा मार्ग सरळ होता: घरच बरोबर न्यावयाचें! अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’ंत हिशेब दिला आहे. एका शाही तळाचें सामान वाहण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. असा दुसरा संच पुढच्या मजलेवर आधींच रवाना होई, म्हणजे बादशहा पोंचतांच डेरे उभे असावयाचे. मध्यें लाल कनातींचें गुलालबार, आणि रात्रीं वाट चुकलेल्यास तळ सांपडावा म्हणून उंच खांबावर टांगलेला आकाशदिवा.

औरंगजेब १६८२ च्या मार्चमध्यें या शहरीं आला, पुढच्याच वर्षीं येथून अहमदनगराकडे निघाला, आणि १७०७ सालीं तेथेंच मरण पावला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाहीं. त्या पंचवीस वर्षांतील बहुतेक काळ त्यानें कापडाच्या भिंतींत काढला. १६९५ सालीं कृष्णाकांठीं गलगली येथें त्याची छावणी पाहणाऱ्या जेमेल्ली करेरी या इटालियन प्रवाशानें तिचा घेर तीस मैलांचा व बाजार अडीचशें असल्याचें लिहून ठेविलें आहे. पण नदीला बाजारांची संख्या कळत नाहीं. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्रीं खवासपूर येथें माण नदीचा लोंढा तळांत शिरला. आरडाओरडा ऐकून मराठेच आले असें बादशहास वाटलें. तो घाईनें उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. अखेरपर्यंत तो किंचित् लंगडत असे. तैमूरलंगाचा वारसा चालविलात, असें म्हणून दरबाऱ्यांनीं त्याचें समाधान केलें म्हणतात. स्वतः हा मनुष्य राहणीनें साधा होता, हें त्याच्या शत्रूंनींही मान्य करावें; खुलताबादेस त्याच्या कबरीवर छप्परसुद्धां नाहीं.

मराठ्यांचा मार्ग निराळा. दसऱ्यास लष्कर बाहेर पडे आणि पावसाळ्यास छावणीस परत येई. शिवछत्रपतींच्या फौजेंत बायका, बटकी, कलावंतिणी यांस मनाई होती, असें सभासद बखर सांगते. तरी महाराजांस खरी काळजी होती ती बसलेल्या छावणीची. राज्याभिषेकापूर्वीं चिपळूणच्या बाजूस उतरलेल्या लष्करास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत त्यांनीं बजाविलें कीं, दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा. ती आधींच उधळलीत तर रयतेच्या घरांत शिराल, आणि मग रयत म्हणेल कीं याहून मोंगल बरे. रात्रीं दिवा उघडा ठेवूं नये, उंदीर पेटती वात ओढून गवताच्या गंजींत नेईल, येथपर्यंत त्या पत्राची नजर पोंचली आहे.

खोगिरावर घर करण्याची ही विद्या पुरी फळास आली ती या शहराच्या पश्चिमेसच. १७२७ च्या शरदांत बाजीराव निघाला. जालना, सिंदखेड, वाशीम करीत खानदेशांतून एकदम गुजरातेंत उतरला. बरोबर जड तोफा नाहींत, बुणगे नाहींत. निजामुल्मुल्क पुण्यावर चालून गेला, तरी बाजीराव बचावासाठीं तिकडे धांवला नाहीं. उलट औरंगाबादेवर चालून येत असल्याची हूल त्यानें उठविली. राजधानीच्या चिंतेनें निजाम परत फिरला. वेगानें चालण्याच्या हव्यासांत ज्या तोफांवर त्याचा भरंवसा, त्याच त्याला मागें ठेवाव्या लागल्या. २५ फेब्रुवारी १७२८ रोजीं वैजापुराजवळ पालखेड येथें तो वेढला गेला. दाणा तुटला, पाणी तुटलें. तहाचें बोलणें लागलें तेव्हांच त्याच्या लष्कराला नदीकांठीं जाऊं देण्यांत आलें, आणि ६ मार्चला मुंगी-शेवगांव येथें तह झाला. चौथ-सरदेशमुखीचा हक्क आणि शाहूची एकट्याची सत्ता निजामानें मान्य केली.

निजामानें बाजीरावाची तसबीर काढण्यास चितारी पाठविला, तेव्हां घोड्यावर बसून, भाला खांद्यावर टाकून, तळहातांत कणसें चोळून खाणारा स्वार त्यानें रेखाटून नेला, अशी आख्यायिका आहे. तिचें कौतुक घरोघर होतें. परंतु तें कणीस कोणाच्या शेतांतलें होतें, असें सहसा कोणी विचारीत नाहीं. डेऱ्यांच्या लष्करामागें बाजार चाले, बणजारे बैलांवर धान्य लादून आणीत. बिनबाजाराच्या स्वाराचा बाजार म्हणजे वाटेवरचें गांव. त्याचा हलकेपणा कुणब्याच्या कोठारावर तोललेला असे. ही गोष्ट चिपळूणच्या पत्रास ठाऊक होती, तसबिरीस नाहीं.

आणि ती विद्याही टिकली नाहीं. उदगीरच्या विजयानंतर १७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ आजच्या जालना जिल्ह्यांतील परतुराहून उत्तरेस निघाला. आतां इब्राहिमखान गारद्याच्या तोफा होत्या, बायकामुलें होतीं, काशी-प्रयागाचे यात्रेकरू होते. रेशमी अस्तराचे, सोनेरी कळसांचे उंच तंबू होते, असें ग्रँट डफ लिहितो. या पसाऱ्यास सोडून जातां येत नव्हतें आणि घेऊन पळतांही येत नव्हतें. पानिपतास खंदक खणून तळ पडला, तो अडीच महिने हलला नाहीं. रसद बंद झाली, जनावरें मरूं लागलीं. १४ जानेवारी १७६१ च्या पहांटे लष्कर खंदकाबाहेर निघालें, तेव्हां उरलेसुरलें धान्य आदल्या रात्रीं संपलें होतें.