मुकुटबनला मिळालेला पत्ता

संगणकाच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी पत्ता दिसला की सेटिंगला हात लावण्याआधी मी केबल बघतो. मुकुटबनात आणि झरी-जामणी तालुक्यातल्या आसपासच्या गावांत संगणक दुरुस्त करता करता लागलेली ही सवय. "भाऊ, नेट काऊन चालून नाही रायलं जी?" असा फोन येतो, मी जातो, आयपीकॉन्फिग ही आज्ञा टाकतो आणि हाच आकडा समोर येतो. संगणकानं राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज ९८ पासून संगणक असं करत आले आहेत. बहुधा उंदरानं केबल कुरतडलेली असते, पिन ढिली असते, नाहीतर लाईट जाऊन आल्यावर राउटर अडकलेला असतो.

या आकड्यांमागे इतिहास आहे, आणि तो माहीत असला की बिघाड लवकर सापडतो. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आयपीचा नियम ठरला. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळ्या जगाला मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचं पूर्वरूप असलेलं अर्पानेट या नियमावर आलं. तेव्हा हे पत्ते कधी संपतील असं फारसं कुणाला वाटलं नसावं. एकट्या एमआयटी या अमेरिकी संस्थेकडे १ कोटी ६७ लाख पत्ते होते.

नव्वदीत टंचाई दिसू लागली आणि तीन उपाय आले. पत्ता आपोआप वाटून देणारं डीएचसीपी १९९३ मध्ये, एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणारं नॅट १९९४ मध्ये, आणि १९९६ मध्ये खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांचा पक्का नियम. आपल्या सगळ्यांच्या घरातलं १९२.१६८ त्यातलंच. भारतात विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण दुकानात शिरलो तेव्हा रेशनिंग सुरू झालेलं होतं.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि हळूहळू छोट्या गावांतही एका लाईनवर दोन-तीन संगणक चालू लागले. इकडचं सगळ्यात सतावणारं दुखणं त्याच मांडणीतून आलं. मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१. वायफाय लांब पोचावं म्हणून माणूस बाजारातून दुसरा राउटर आणतो, त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१. दोघंही पत्ते वाटायला बसतात आणि घरभर गोंधळ. दुसऱ्या राउटरला १९२.१६८.१.२ द्यावा, त्याचं डीएचसीपी बंद करावं, केबल त्याच्या लॅन पोर्टात लावावी, काम होतं. तसंच प्रिंटरचं. त्याला कायमचा पत्ता द्यायचा तर राउटर ज्या आकड्यांतून वाटप करतो त्यांच्या बाहेरचा द्यावा. नाहीतर आज छापलं, उद्या दुसऱ्याच्या मोबाईलला तोच पत्ता गेला आणि प्रिंटर मुका.

एक दुखणं मात्र मला घरात बसून दुरुस्त करता येत नाही, आणि त्याचा मला मनापासून राग आहे. शेतातल्या गोदामावर कॅमेरा बसवलेला असतो, घरधनी लग्नाला वणीला गेला की तिथून त्याला तो बघायचा असतो. मी राउटरमध्ये पोर्ट उघडतो, सगळं बरोबर असतं, तरी बाहेरून काही दिसत नाही. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता बघावा तर तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला. म्हणजे हा पत्ताही सामायिक. इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं बसलेली.

असं का झालं, ते कळायला तारखा बघा. ३ फेब्रुवारी २०११ ला पत्त्यांच्या जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. १५ एप्रिल २०११ ला आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था शेवटच्या गठ्ठ्यावर आली, आणि त्यापुढे मागेल त्याला चिमूटभरच मिळू लागलं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला, म्हणजे पुढच्या भारतनेटला, केंद्रानं मंजुरी दिली २५ ऑक्टोबर २०११ ला. गावाकडे तार निघाली तेव्हा पत्ते संपले होते. १००.६४ चा सामायिक गठ्ठा २०१२ च्या एप्रिलमध्ये राखला गेला, तो अशाच उशिरा आलेल्यांसाठी. ही तांत्रिक अडचण आहे हे मला कळतं, पण आधी आलेल्यांना कोट्यवधी आणि मागून आलेल्यांना उष्टं, हा अन्यायही आहे.

यावरचा उपाय १९९८ पासून लिहून तयार आहे: आयपीव्ही ६, १२८ बिटांचा, प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देता येईल एवढा मोठा. २०१६ नंतर मोबाईलवर तो भारतात झपाट्यानं पसरला. खेड्यातल्या फोनमध्येही आज तो सापडतो. घरच्या राउटरमध्ये मात्र अनेकदा तो बंदच ठेवलेला असतो. म्हणून माझी विनंती आहे: नवं कनेक्शन घेताना लाईन जोडायला आलेल्या माणसाला आयपीव्ही ६ सुरू करून द्यायला सांगा, राउटरची फायरवॉल चालू ठेवा, आणि तो देत नसेल तर कंपनीकडे लेखी मागा.