कोल्हापुरात घडलेला कॅमेरा

डिजिटल सिने-कॅमेरा आपण हाताळतो तेव्हा लेन्स बसवतो, बॅटरी जोडतो, तिपाईवर चढवून बटण दाबतो. आत काय चालते ते दिसत नाही. (भर उजेडात जोरात फिरणारा पंखा मोबाइलवर चित्रित करून पाहा. पाती वाकडी दिसली, तर चित्र ओळीओळीने टिपले जाते हे कळेल.)

कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंना मात्र आतले यंत्रच घडवायचे होते. दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवून अभ्यास आरंभला.

कॅमेऱ्यासाठी प्रोजेक्टर कशाला? कारण दोन्हींतली फिल्मची चाल एकच. फिल्म सलग धावली तर चित्र फरकटेल. म्हणून ती चार भोके पुढे सरकते आणि क्षणभर थांबते. तेवढ्यात झडप उघडून मिटते. पुन्हा चार भोके. त्या काळी हे सेकंदाला साधारण १६ वेळा होई, म्हणजे एक फूट फिल्म खर्च! दांडा हाताने फिरवायचा: एका फेऱ्यात ८ चित्रे, सेकंदाला दोन फेरे. हात मंदावला की पडद्यावरची माणसे धावत सुटत.

१९१६ मध्ये आनंदराव वारले, कॅमेरा अपुराच राहिला. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो १९१८ च्या सुमारास पुरा केला. त्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला.